शिक्षक नसताना स्मार्ट वर्गसंच : एका जिल्हा परिषद शाळेतील अनुभव आणि परीक्षण

‘शिक्षक कमी असले तरी वर्ग थांबणार नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या एका स्मार्ट वर्गसंचाचे हे परीक्षण आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरभागातील, पहिली ते सातवीच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत हा संच मागील शैक्षणिक वर्षापासून वापरात आहे. बदलीने गेलेल्या गुरुजींच्या जागी कोणी आले नाही. पद भरले जाईपर्यंत चौथी-पाचवीच्या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणी गोळा करून तो घेतला. त्यामुळे कंपनीच्या प्रात्यक्षिकात कधीच पाहायला मिळत नाही अशी परिस्थिती आमच्यापुढे आपोआप उभी राहिली : दिवसाचा बराच वेळ वर्गात शिक्षक नाही आणि शिकवण्याची सगळी भिस्त यंत्रावर. मी शेजारच्या खोलीत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो आणि दुपारच्या सत्रात जमेल तसा चौथी-पाचवीकडे जातो. गावातील बारावी झालेली एक तरुणी टॅब वाटणे, गोळा करणे आणि वर्गात लक्ष ठेवणे एवढ्या कामासाठी मानधनावर येते. अशाच रचनेचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे कंपनीचे नाव न घेता वस्तूविषयी लिहितो.

संचात भिंतीवर बसवायचा ६५ इंची टच पॅनेल आहे, मुलांसाठी टॅब आहेत, ते कुलपात ठेवून चार्ज करण्याचे लोखंडी कपाट आहे आणि इंटरनेट नसतानाही सर्व टॅबना धडे पुरवणारी एक छोटी पेटी आहे. आशयाची मांडणी बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या क्रमाने केलेली आहे. धड्याचा व्हिडिओ, त्यानंतर मुलाच्या उत्तरांनुसार सोपा किंवा अवघड होत जाणारा सराव, मुलाचे वाचन ऐकून चुका दाखवणारा भाग आणि मराठीतून प्रश्न विचारता येतील असा कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘मदतनीस’ असे त्याचे चार भाग आहेत. शेवटच्या भागाला मात्र इंटरनेट लागते.

व्हिडिओंविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते नेटके आहेत, परंतु २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावर आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमागे त्या प्रकारचे पुष्कळ साहित्य विनामूल्य मिळते, त्यामुळे निव्वळ व्हिडिओंसाठी कोणत्याही शाळेने पैसे मोजू नयेत. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या कल्पनेसाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव घेतले जाते, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. आपल्या राज्यातील वर्गात तंत्रज्ञान आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग एका शिक्षकाने आपल्या वर्गाची अडचण ओळखून केला होता, हे संच खरेदी करणाऱ्या प्रत्येक समितीने ध्यानात ठेवावे.

संचाचा खरा कस सरावात लागतो, आणि तिथे तो उत्तम उतरतो. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाची वही रोज तपासणे शक्य होत नाही. दोन वर्ग एकत्र बसवले की मधल्या पातळीवर शिकवावे लागते आणि दोन्ही टोकांची मुले सुटून जातात. यंत्र मात्र थकत नाही. पाचवीतील ज्या मुलाला दोन अंकी बेरीज येत नाही, त्याला ते दुसरीच्या पातळीचे गणित देते, आणि शेजारच्या मुलाला ते कळतही नाही. आपण मागे आहोत हे चारचौघांत उघडे न पडता सराव करता येणे, याचे मोल ग्रामीण शाळेत फार मोठे आहे, कारण इथे वर्गात झालेली फजिती संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. पाढे, वाचलेल्या उताऱ्यावरचे सोपे प्रश्न, मोजमापाची रूपांतरे, घड्याळ, अपूर्णांकांची ओळख या घटकांत मुलांचा वेग वाढला आणि सहामाही चाचणीत तो दिसला. सरावाच्या अशा साधनाचा उपयोग होतो, याला अभ्यासाचाही आधार आहे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सरावप्रणालीचा लाभ सोडतीने निवडलेल्या शाळकरी मुलांना देऊन केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीतही इतरांपेक्षा स्पष्ट अधिक प्रगती आढळली होती.

हा अभ्यास अशा संचांच्या बाजूने बोलताना पुढे केला जातो, म्हणून त्याची रचनाही सांगितली पाहिजे. हा सराव ज्या केंद्रांत होई ती शाळेच्या वेळेबाहेर चालत होती. नव्वद मिनिटांच्या सत्रात निम्मा वेळ मूल संगणकावर सराव करी आणि उरलेल्या निम्म्या वेळात लहान गटात एक मार्गदर्शक त्याला शिकवी. शिवाय ही मुले दिवसा आपापल्या शाळेत, शिक्षकांच्या वर्गात बसत होतीच. म्हणजे शिक्षक आणि मार्गदर्शक दोघेही असताना यंत्राने किती भर घातली, हे त्या अभ्यासाने मोजले. शिक्षक काढून घेतला तर काय होते, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नव्हता.

आमच्या वर्गात तो प्रश्न रोज समोर येत होता. चौथीतील एका मुलीचे उदाहरण थोडे विस्ताराने देतो. ५२ मधून २७ वजा करताना तिचे उत्तर ३५ येत होते आणि ८१ मधून ४६ वजा करताना ४५. प्रत्येक स्थानावर लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली, असा नियम तिने स्वतःच बांधला होता. दशक सुटा करावा लागत नाही अशा गणितात हा नियम बरोबर उत्तर देतो, त्यामुळे दुसरीपासून तो तिच्या डोक्यात पक्का बसला होता. ही चूक मला वहीत दिसण्याआधी यंत्राने पकडली, आणि वर्गातील आणखी काही मुले नेमकी तीच चूक करीत आहेत हेही त्याने अहवालात एका ठिकाणी दाखवले. एवढे काम हाताने करायला मला कित्येक दिवस लागले असते, हे मोकळ्या मनाने मान्य करतो.

अडचण त्यानंतर सुरू झाली. चूक सापडल्यावर यंत्राकडे उपाय एकच होता : हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ पुन्हा दाखवणे आणि पुन्हा पर्यायी प्रश्न देणे. मुलीने व्हिडिओ शांतपणे पाहिला. मग आपल्या पद्धतीने येणारे उत्तर चुकीचे ठरते हे लक्षात आल्यावर ती दुसरा पर्याय निवडू लागली, आणि काही प्रश्नांनंतर पर्यायांतून बरोबर उत्तर हुडकण्यात तरबेज झाली. टॅबवर तिची पट्टी हिरवी झाली, घटक ‘पूर्ण’ असा शेरा आला आणि यंत्राने तिला गुणाकाराकडे पाठवले. वहीत मात्र ५२ वजा २७ बरोबर ३५ हेच उत्तर कायम राहिले.

एके दिवशी दुपारी तिला घेऊन ओसरीत बसलो. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि मला सत्तावीस काड्या दे, असे सांगितले. तिने दोन गठ्ठे चटकन उचलून दिले. मग दोन सुट्या काड्यांकडे पाहत ती थांबली. बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. शेवटी तिने विचारले, “सर, गठ्ठा सोडू का?” मी ‘सोड’ एवढेच म्हणालो. तिने रबर काढले, सात काड्या मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या, आणि मी काही सांगण्याआधी वहीतील जुने उत्तर स्वतःच खोडले. वजाबाकी तिला तिथे समजली. तो प्रश्न तिच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसायचे आहे, हे ठरवणारा कोणी तरी समोर असावा लागतो.

तीच चूक करणाऱ्या दुसऱ्या एका मुलाला याच पद्धतीने शिकवायला बसलो, तेव्हा त्याने पहिल्याच फटक्यात गठ्ठा सोडला आणि काड्यांनी बरोबर उत्तर काढले. त्याला वजाबाकी येत होती. मोठ्या भावाने ‘वरचा अंक लहान असला की उलटे करायचे’ असे सांगितले होते आणि तो ते इमानाने पाळत होता, कारण भाऊ आठवीत आहे. पडद्यावर दोघांची चूक एकच, उत्तरे एकसारखी, अहवालातील शेराही एकच, पण कारणे अगदी वेगळी आणि उपायही वेगळे. ‘तू असे का केलेस, मला सांग’ असे मुलाला विचारून त्याचे उत्तर ऐकण्याचे काम या संचात कुठेही नाही. माझ्या मते शिक्षकाचे सर्वांत मोठे काम तेच आहे, आणि पाठ समजावून सांगणे त्यानंतर येते.

वाचन ऐकणाऱ्या भागाविषयी माझे मत बरेच प्रतिकूल आहे. आमच्या भागातील मुले घरी ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असे म्हणतात. तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आहे. यंत्राला प्रमाण उच्चार अपेक्षित असल्याने ही मुले वाचू लागली की शब्दामागून शब्द तांबडे होतात. तांड्यावरचा एक मुलगा गोष्ट अडखळल्याशिवाय वाचतो आणि विचारले तर ती आपल्या शब्दांत रंगवून सांगतो, पण निम्मी ओळ तांबडी झालेली पाहून त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि पुढे तो टॅब तोंडाजवळ धरून पुटपुटू लागला. याच्या उलट, एक मुलगी प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारते, तिला पूर्ण गुण मिळतात, मात्र गोष्टीतल्या म्हातारीने शेवटी काय केले हे तिला सांगता येत नाही. उच्चार सुधारला पाहिजे हे खरे, तो शिक्षक सुधारतोच. परंतु आधी मुलाला बोलते ठेवायचे आणि मग उच्चाराकडे यायचे, हा क्रम आमच्यासारख्या शाळेत मोडून चालत नाही. पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी हा भाग आम्ही बंद करून ठेवला आहे, आणि ज्या शाळांत बोलीभाषक मुलांची संख्या मोठी आहे त्यांनीही तो बंदच ठेवावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाची भाषा शुद्ध आहे, उत्तरे त्वरित येतात आणि मुलांना त्याचे आकर्षण वाटते. पाऊस कसा पडतो, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार का लागते, असे प्रश्न मुले त्याला विचारतात आणि पुष्कळदा समाधानकारक उत्तर मिळते. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला या भागाचे कौतुक वाटते, कारण चाळीस मुलांच्या वर्गात लाजून न विचारले गेलेले प्रश्न इथे विचारले जातात. तथापि त्याच्या चुकांचा सूरही बरोबर उत्तरांइतकाच ठाम असतो. पाचवीतील एका मुलाने ‘मराठवाडा स्वतंत्र कधी झाला?’ असे विचारले, तेव्हा १५ ऑगस्ट १९४७ असे उत्तर आले. मुलगा टॅब घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मग आपन १७ सप्टेंबरला झेंडा काहून लावतो?” सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १७ सप्टेंबर हा आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, हे त्याला ध्वजारोहणामुळे ठाऊक होते, म्हणून त्याला शंका आली. ज्या विषयात मुलाला आधीचे काही ठाऊक नसते, तिथे शंका येत नाही आणि चूक तशीच वहीत उतरते. या कारणासाठी मदतनीस शिक्षकाच्या उपस्थितीतच उघडावा, असा नियम आम्ही केला. गृहपाठाचे गणित विचारले की तो सर्व पायऱ्यांसह उत्तर लिहून देतो, ही दुसरी अडचण आहे. आधी मुलाचा प्रयत्न मागणारी सोय कंपनीला करता येण्याजोगी आहे आणि ग्राहक शाळांनी ती मागितली पाहिजे.

शिक्षक वर्गात नसताना मुले काय करतात, हा या परीक्षणातील कळीचा भाग आहे. नवलाई होती तोपर्यंत वर्ग इतका शांत असे, की येणारे-जाणारे पालक खिडकीतून पाहून समाधानाने परतत. नवलाई ओसरल्यावर दोन गट स्पष्ट पडले. ज्यांना वाचता येत होते आणि अभ्यासाची सवय होती, ती मुले यंत्राच्या आधाराने खरोखर पुढे गेली आणि त्यातील दोघे-तिघे पुढच्या इयत्तेचे घटक आपणहून सोडवू लागले. ज्यांना आधीच मागे पडल्याची भीती होती, ती अवघड प्रश्न आला की टॅब बंद करून चालू करू लागली, कारण तसे केल्यास प्रश्न बदलतो हे त्यांनी शोधून काढले होते. प्रत्येकाला आपल्या पातळीचा सराव मिळत असूनही अंतर वाढले. उपकरण हाताळता येणे आणि त्यातून शिकणे यांत किती अंतर आहे, हे ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाविषयीच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालातही दिसते. १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक ग्रामीण मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरल्याचे मात्र त्यांतील ५७ टक्क्यांनी सांगितले आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी.

मानधनावर येणाऱ्या तरुणीकडे शिकवण्याचे काम सोपवलेलेच नव्हते, परंतु मुलांनी ते तिच्याकडे सोपवले. गणित बरोबर आले की पडद्यावर चांदण्या उधळतात आणि टाळ्या वाजतात. तरीही मुले टॅब उचलून तिच्याकडे धावतात आणि “ताई, बघा ना” म्हणतात. ती बघते, ‘शाब्बास’ म्हणते, तेव्हाच ते काम झाले असे त्यांना वाटते. ज्या दिवशी ती रजेवर असते, त्या दिवशी सोडवलेल्या प्रश्नांची संख्या निम्म्यावर येते, आणि हे त्याच यंत्राच्या अहवालात नोंदलेले आहे. कोणी तरी आपल्याकडे पाहत आहे, या आधाराशिवाय नऊ-दहा वर्षांचे मूल फार काळ कष्ट करीत नाही. यंत्र चांगले की वाईट, हा मुद्दाच इथे गौण ठरतो.

स्थलांतराच्या बाबतीत संचाचा एक फायदा मात्र मनापासून नोंदवावासा वाटतो. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते, म्हणजे मजुरांच्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात, ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच, परततात. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत टिकतात, काहींना आई-बापाबरोबर फडावर जावे लागते. परत आलेले मूल नेमके कुठे थांबले होते, हे पूर्वी आम्ही अंदाजाने ठरवायचो. आता त्याचा टॅब उघडला की शेवटचा घटक आणि त्यातील चुका समोर येतात, आणि पहिल्याच दिवशी त्याला त्याच्या जागेपासून पुढे नेता येते. कंपनीच्या माहितीपत्रकात या सोयीचा साधा उल्लेखही नाही, पण मराठवाड्यातील शाळेसाठी माझ्या मते ती संचातील सर्वांत मोलाची सोय आहे. टॅब मुलाबरोबर फडावर पाठवावा, अशी सूचना आली होती. फडावरच्या कोपीत (झोपडीत) वीज नाही आणि मूल दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळते किंवा उसाचे वाढे (हिरवे शेंडे) गोळा करते, हे पाहिल्यावर ती सोडून द्यावी लागली.

वीज, ऊन आणि दुरुस्ती यांविषयी थोडक्यात सांगतो. भारनियमनाच्या दिवसांत पॅनेल इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाही, टॅब मात्र सकाळी चार्ज केले तर दुपारपर्यंत चालतात. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये पॅनेल तापून आपोआप बंद पडतो, त्यामुळे तो स्लॅबच्या खोलीतच बसवावा. कपाटाच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तेव्हा तंत्रज्ञ येईपर्यंत बराच काळ गेला आणि तेवढा काळ चौथी-पाचवीला ना यंत्र होते ना पूर्णवेळ शिक्षक. पहिल्या वर्षानंतर सरावाच्या भागासाठी दरवर्षी परवाना शुल्क द्यावे लागते, आणि ही रक्कम विक्रीच्या वेळी ठळकपणे सांगितली जात नाही. लोकवर्गणी एकदा जमते, दरवर्षी जमत नाही. समितीने ही बाब लेखी घेतल्याशिवाय करार करू नये.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल, ही घोषणा नवी नाही. चलत्चित्रे पाठ्यपुस्तकांची जागा घेतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी शंभर वर्षांपूर्वीच केले होते. पेरू देशात ग्रामीण शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची मोठी योजना राबवली गेली. ३१९ शाळांच्या अभ्यासात, सुमारे सव्वा वर्षानंतर, गणित आणि भाषा या विषयांत त्याचा परिणाम आढळला नाही. शिक्षकाच्या शिकवण्यात बदल न करता उपकरणे वाटली की काय होते, याचे ते मोठे उदाहरण आहे. युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर २०२३ साली काढलेल्या जागतिक अहवालातही उपकरणे शिक्षकाला पूरक असावीत आणि प्रत्यक्ष मानवी संवादाची जागा त्यांनी घेऊ नये, असेच म्हटले आहे. आपल्याला तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम निघाला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आणि ज्यांनी हे काम केले त्यांनी ते तळमळीने केले. तरीही ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले तेव्हा तिसरीत बसलेल्या पुष्कळ मुलांना आपले नाव लिहिता येत नव्हते, हे त्या वेळी वर्गात उभ्या असलेल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे.

संच घेतल्यावर पद भरण्याची निकड कमी होते, हा त्याचा सर्वांत मोठा धोका मला वाटतो, आणि यात संचाचा काही दोष नाही. ‘तुमच्याकडे तर स्मार्ट वर्ग आहे’ हे वाक्य आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक स्तरावर ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असे प्रमाण ठरवून दिलेले आहे. ते माणसांचे प्रमाण आहे, त्यात पडद्यांची गणती होत नाही. पालकांनी काबाडकष्टाच्या पैशातून दिलेल्या वर्गणीचा उपयोग मुलांच्या हक्काचा शिक्षक लांबणीवर टाकण्यासाठी होणार असेल, तर अशी खरेदी न केलेलीच बरी. तंत्रज्ञानाला शिक्षकाचे काम द्यायचेच असेल तर त्याने आमच्याकडील माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी, पुन्हा पुन्हा मागितले जाणारे तेच तेच अहवाल घ्यावेत. त्यातून मोकळा झालेला तास-दीड तास आम्ही ओसरीत काड्यांचे गठ्ठे घेऊन बसू शकतो.

घ्यावा की घेऊ नये, असा थेट प्रश्न अनेक शाळांतील सहकारी विचारतात. वर्गाला पूर्णवेळ शिक्षक असेल, तर सरावाचा भाग आणि टॅब अवश्य घ्यावेत. रोज एका विषयाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये, आणि यंत्राने ‘पूर्ण’ म्हटलेला प्रत्येक घटक वहीवर, पर्यायांशिवाय, एकदा तपासावा. मोठ्या पॅनेलवर खर्च करण्याआधी खोलीचे छप्पर आणि विजेची स्थिती पाहावी. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर टॅब निवडावेत. वाचन ऐकणारा भाग मुलांची बोली समजू लागेपर्यंत घेऊ नये. वर्गाला शिक्षकच नसेल, तर याच पैशातून आधी गावातील डी.एड. झालेल्या कोणाला तरी मानधनावर नेमावे. तेवढ्याने संचाहून अधिक काम होते, असे मी या अनुभवावरून खात्रीने सांगतो.

आमच्या समितीने जूनच्या बैठकीत सरावाच्या भागाचा परवाना आणखी एका वर्षासाठी नूतन केला, मदतनिसाचा भाग वगळून शुल्क कमी करून घेतले आणि वाचलेली रक्कम त्या तरुणीच्या मानधनात वाढवली. त्याच बैठकीत रिक्त पद तातडीने भरावे असा ठराव झाला. चौथी-पाचवीच्या अहवालांच्या आणि मुलांच्या वह्यांच्या प्रती त्याला जोडून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे, आणि पद भरले जाईपर्यंत दर महिन्याला त्याचा पाठपुरावा करण्याची जबाबदारी दोन पालक सदस्यांनी घेतली आहे.